कपाट, आर्मार आणि आरमार

गेले काही रविवार फोंड्यातल्या एका मित्राच्या घरामागच्या पडवीत आम्ही दोघं लाकडी कपाट करतोय. फणसाच्या फळ्या, जुना रंधा, दोन पटाश्या, करवत आणि मागून आणलेलं ड्रिल मशीन, एवढाच कारखाना. काम थोडं, वाद फार, आणि तेही बहुतेक शब्दांवरून.

परवा तो म्हणाला, "आर्मार भिंतीला टेकवून ठेवू नको, ओल लागेल." मी मराठी शाळेत शिकलेला. आरमार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गलबतं आणि सिंधुदुर्ग! कोकणीतलं कपाटाचं 'आर्मार' आणि मराठीतलं नौदलाचं 'आरमार' यांचं नातं काय? आणि आपला 'कपाट' कुठून आला?

— डिचोलीकर: दोन्ही पोर्तुगीजांकडून, पण वेगवेगळ्या वाटांनी. आर्मार म्हणजे 'आर्मारियु', आरमार म्हणजे 'आर्माडा'. मागे गेलात तर दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला शस्त्रवाचक 'आर्मा' सापडतो. शस्त्रं-अवजारं ठेवायची जागा ती आर्मारियु, शस्त्रसज्ज ताफा तो आर्माडा. हिंदीतली 'अलमारी' याच आर्मारियुची, फक्त 'र'चा 'ल' झाला. तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे गलबतं आली यात फारसं चुकलं नाही.

— सावंतवाडीकर: 'कपाट' संस्कृत, पण तिथे त्याचा अर्थ दाराची फळी. बद्रीनाथचे 'कपाट खुले' अशी हिंदी बातमी लहानपणी ऐकली की मला वाटायचं, देवाच्या कपड्यांचं कपाट उघडलं! प्राकृतातून घासत आलेलं त्याचं रूप म्हणजे आपलं 'कवाड'. म्हणजे मराठीत एकच शब्द दोनदा आहे, जसे 'स्थान' आणि 'ठाण'. कवाडाने दाराचा अर्थ राखला, कपाटाने सोडला आणि दारामागच्या अख्ख्या वस्तूला आपलं नाव दिलं. गुजरातीतही ते 'कबाट'च.

म्हणून मी तरी दारं नसलेल्याला कपाट म्हणणार नाही. ती मांडणी.

— म्हापशाहून: मग फडताळाचं काय? आमच्या जुन्या घरात भिंतीतच होतं, दारांसकट. आजी त्याला कधीच कपाट म्हणाली नाही.

— सावंतवाडीकर: ते भिंतीचाच भाग, हलवता येत नाही. आमच्याकडे तरी उचलून नेता येतं ते कपाट. दाराशिवायचा कोनाडा वेगळाच. हे बोलण्यातले भेद, कोशात इतके काटेकोर मिळायचे नाहीत.

— मूळ विचारणारा: वा, आता आमच्या पडवीतलं भांडण मिटेल. मित्राच्या तोंडी आणखी दोन शब्द आहेत. खणाला तो 'गावेत' म्हणतो आणि सुताराला 'मेस्त'. आपण दोघंही मेस्त नव्हे, असं तो प्रामाणिकपणे कबूल करतो.

— डिचोलीकर: गावेत म्हणजे पोर्तुगीज 'गावेता'. मेस्त म्हणजे 'मेस्त्र', उस्ताद. मराठीतला मिस्त्री तोच. हातातला रंधा मात्र फारसीतून आला, आणि काटकोन तपासायचा 'गुण्या'सुद्धा. फारसीत 'गूनिया', त्याच्याही मागे ग्रीक. 'गुण्यागोविंदाने'चा याच्याशी संबंध लावायचा मोह होईल, मी लावत नाही. पण दोन मित्र कपाट करताना गुण्या हवाच, नाहीतर गोविंदही टिकत नाही.

— सावंतवाडीकर: शब्दांचं झालं, आता दाराचं ऐका. अख्ख्या रुंद फळीचं दार करू नका. लाकूड दमट हवेत रुंदीकडून फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. चौकट करा आणि मधली फळी तिच्या खाचेत सैल सोडा, डिंक लावू नका. पावसात घासलं तर लगेच रंधा मारू नका, डिसेंबरात फट दिसेल.

— मूळ विचारणारा: उशीर झाला. एक दार काल बसवलं, अख्ख्या फळीचं. बिजागरीच्या विरुद्ध बाजूला घासतंय. गुण्या लावून पाहिला, चौकट बरोबर आहे, फळीच फुगलीय. मित्र म्हणतो आर्मार झालं. मी म्हणतो, दुसरं दार लागेपर्यंत ही अर्धी मांडणीच.