धागा: कॉलेजच्या मुलींना प्रजनन आरोग्य शिकवताना

एनएसएसचं शिबिर असो की महिला कक्षाचं व्याख्यान, पुण्यातल्या कॉलेजांत या विषयाला बहुधा एकदाच आणि जेमतेम दीड तास मिळतो. तो कसा वापरता? आपापल्या कहाण्या नकोत. साहित्य काय, वेळ किती, गाडी कुठे अडते, तेवढं लिहा.

प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, शिवाजीनगर

फळ्यावर आकृती काढू नका. ती बारावीला मार्कांसाठी घोटून झालेली असते. तरीही लघवीची वाट आणि योनिमार्ग वेगळे, हे कित्येकींच्या ध्यानात नसतं, कारण ती आकृती समोरून काढलेली असते आणि तिच्यात मूत्राशय दिसतच नाही.

चौघींत मिळून पाव किलो शाडू आणि एक फूटपट्टी द्या. गणपतीनंतर उरलेली शाडू चालते, फक्त ओल्या फडक्यात ठेवा. गर्भाशय साडेसात सेंटिमीटर लांब, वरच्या बाजूला पाच रुंद, अडीच जाड: उलटा धरलेला छोटा पेरू. अंडाशय तीन सेंटिमीटर, कवचासकट बदामासारखं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या बीजवाहक नळ्या दहा-दहा सेंटिमीटरच्या. वीस मिनिटं पुरतात.

चुका ठरलेल्या आहेत. गर्भाशय नारळाएवढं होतं आणि नळीचं टोक अंडाशयाला चिकटवलं जातं. चिकटवू द्यायचं नाही. ते टोक झालरीसारखं मोकळं असतं आणि सुटलेलं बीज टिपून घेतं. हे हाताला कळलं की फलन नळीत होतं आणि गर्भ कधीकधी नळीतच का अडकतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी मॉडेल बाजूने बघायला लावा: पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, मध्ये पेरू.

गर्भपिशवी, गर्भाशय, युटेरस हे तिन्ही शब्द फळ्यावर हवेत. बीडहून आलेली मुलगी आणि कॅम्पातल्या कॉन्व्हेंटची मुलगी एकाच बाकावर असतात, आणि दोघीही ‘तिथे’, ‘खाली’ यावरच भागवतात.

स्त्रीरोगतज्ज्ञ, कोथरूड

शाडूनंतर कॅलेंडर. कालनिर्णयची जुनी पानं वाटा. पहिली चूक इथेच होते: मुली पाळी संपल्यापासून दिवस मोजतात. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवस भरले तर काळजी नाही.

दुसरी चूक पाठ्यपुस्तकी आहे: ‘बीज चौदाव्या दिवशी सुटतं.’ हे २८ दिवसांच्या चक्रापुरतं. साधारण १४ दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. चक्र ३४ दिवसांचं असेल तर विसावा दिवस, २६ चं असेल तर बारावा. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज फार तर एक दिवस. हे आकडे पानावर रंगवून घेतले की कोणीतरी विचारतेच, ‘पण पुढची पाळी कधी येणार ते आधी कसं कळणार?’ कळत नाही. म्हणून ‘सेफ पिरियड’, म्हणजे गर्भ राहणार नाही असे मानलेले दिवस, फसतो, आणि मोबाइलमधलं ॲपही अंदाजच बांधतं. हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्या, घाई करू नका.

पीसीओडीवर, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याच्या तक्रारीवर, पाच मिनिटं राखून ठेवा. पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत सोनोग्राफीत अंडाशयावर बरेच छोटे बुडबुडे दिसणं नेहमीचं आहे. त्या ‘गाठी’ नव्हेत, न पिकलेली बीजं धरून असलेल्या पिशव्या आहेत. नुसत्या रिपोर्टवरून अठराव्या वर्षी पीसीओडीचा शिक्का मारता येत नाही. पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा, दोन्ही बघाव्या लागतात.

औषधविक्रेती, सदाशिव पेठ

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. ‘७२ तासांची गोळी’, म्हणजे असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ती, लिव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम. ती बीज सुटणं पुढे ढकलते. आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही, आणि गर्भ राहिला असेल तर तो ती पाडत नाही. ७२ तास ही शेवटची हद्द समजा, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. बीज पुढे ढकललं गेल्यामुळे त्यानंतरच्या दिवसांत संबंध आला तर धोका उलट वाढलेला असतो, हे कोणीच सांगत नाही. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची टेस्ट करायची. गर्भपाताच्या गोळ्या हे वेगळंच प्रकरण आहे. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागूही नयेत, कारण गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटण्याचा धोका तसाच राहतो.

समुपदेशक, मुलींचं वसतिगृह

प्रश्नपेटी ठेवता तेव्हा सगळ्यांना एकसारखा कागद, एकसारखं पेन. प्रश्न नसेल तिनेही ‘प्रश्न नाही’ असं लिहून चिठ्ठी टाकायची, नाहीतर कोण लिहितंय ते मागच्या बाकाला दिसतं. चिठ्ठ्या वर्गात उघडू नका. चहाच्या सुट्टीत चाळा.

एक सावधगिरी. अकरावी-बारावीच्या मुली अठराच्या आतल्या असतात. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘सगळं गुप्त राहील’ असं वचन सुरुवातीला देऊन बसू नका. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या गर्भपाताला मात्र फक्त तिची स्वतःची संमती लागते, आई-वडिलांची नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात कायद्यातल्या २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहितेला वगळता येणार नाही असं स्पष्ट केलं.

आरोग्यसेविका, हडपसर

एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची लस आमच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते, नाव सर्व्हाव्हॅक. पंधराच्या पुढे तीन डोस: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. परीक्षा आणि सुट्ट्यांत तिसरा डोस हमखास राहतो, म्हणून पहिल्याच दिवशी तिन्ही तारखा मोबाइलमध्ये टाकून घ्या. लस घेतली तरी पुढे गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही, कारण लस या विषाणूच्या सगळ्याच प्रकारांना अडवत नाही.

पुन्हा शिवाजीनगर

पॅडचं राहिलं. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरावेचक बाईला उघडून बघावं लागत नाही. ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या सेविका हेच सांगतात. प्रात्यक्षिकाला जुनं वर्तमानपत्र आणि लाल स्केचपेन न्या. कॉलेजात यातलं काहीच ऐन वेळी सापडत नाही.