टेक्सास : घरफोडी अलार्मचे क्रॉस झोनिंग (दोन सेन्सरनी ठरावीक वेळेत इशारा दिला तरच अलार्म जाणे) कसे लावावे? मदत हवी आहे

डॅलसजवळच्या उपनगरात राहतो. अलार्मचे परमिट चालू आहे, कंपनीकडून मॉनिटरिंगही आहे. हॉलमधला पीआयआर मोशन सेन्सर (उष्णतेतल्या बदलावरून हालचाल ओळखणारा) दुपारी ३ ते ५ दरम्यान विनाकारण ट्रिप होतो, म्हणजे इशारा देतो. इव्हेंट लॉगमध्ये दर वेळी तोच झोन (त्या सेन्सरचा विभाग) दिसतो. खिडकी पश्चिमेला आहे आणि त्याच सुमारास एसीही सुरू होतो, त्यामुळे तापमानातल्या अचानक बदलाचा संशय आहे.

आतापर्यंत केलेले उपाय : लेन्स पुसली, बॅटरी बदलली, सेन्सर एसीच्या व्हेंटपासून दूर हलवला, संवेदनशीलता कमी केली, पल्स काउंट (किती वेळा हालचाल टिपल्यावर ट्रिप व्हायचे तो आकडा) १ वरून २ केला. घरात पाळीव प्राणी नाही. फरक पडला, पण प्रकार थांबलेला नाही.

राज्याच्या कायद्यानुसार १२ महिन्यांत पहिल्या ३ खोट्या अलार्मना दंड नाही आणि पोलिसांनी ३० मिनिटांत येऊन पाहणी केली नसेल तर तो अलार्म खोटा म्हणून धरता येत नाही, हे वाचले आहे. दोन फोनची पडताळणीही (पोलिसांना कळवण्याआधी कंपनीने दोन नंबरांवर फोन करून खात्री करणे) सुरू आहे. पण हिवाळ्यात मी भारतात असताना, इथल्या दुपारी तिकडे मध्यरात्र उलटलेली असते, तेव्हा फोन कोण उचलणार? शेजाऱ्यांना किल्ली देणे शक्य नाही.

म्हणून हा पीआयआर दुसऱ्या सेन्सरशी क्रॉस झोन करायचा आहे. जोडी मुख्य दाराच्या कॉन्टॅक्टशी (दार उघडल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरशी) लावली, तर खिडकी फोडून आलेला माणूस निसटेल अशी भीती वाटते. जिन्यापाशी दुसरा पीआयआर लावून त्याच्याशी जोडणे जास्त सुरक्षित ठरेल का, आणि दोन ट्रिपमधली वेळ किती सेकंद ठेवावी?