मदत हवी आहे: सोंडवालं पिल्लू कोणत्या स्क्विडचं?

नमस्कार मंडळी. प्लवकाच्या (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या) नमुन्यात शीर्षपादांची, म्हणजे ऑक्टोपस-स्क्विडच्या वर्गातली, तीन पिल्लं सापडली, प्रावार (धडावरची मांसल पिशवी) जेमतेम 3 मिमी. एकाला आठ आखूड भुजा, प्रत्येकीवर तीनच चूषक (चिकटणाऱ्या वाट्या). तो ऑक्टोपस, यात शंका नाही. कटलफिश मी धरलीच नाही, कारण तिची पिल्लं अंड्यातून मोठ्यांसारखीच बाहेर पडतात आणि बहुधा तळाशी राहतात.

अडलंय ते उरलेल्या दोघांपाशी. दोन्ही लांब शुंडकं (आठ भुजांखेरीजचे दोन सोंडेसारखे अवयव) जुळून एकच सोंड झाली आहे, टोकाला आठ चूषक. म्हणजे स्क्विडचं ओमॅस्ट्रेफिड कुळ. पण पुढे? कडेचे दोन चूषक बाकीच्यांहून मोठे दिसतात. प्रजाती ठरवताना यावर कितपत विसंबावं? त्वचेवरच्या रंगबिंदूंची मांडणी फिकट व्हायच्या आत चितारून ठेवली आहे. डोळ्यांवरचे आणि आतड्यावरचे प्रकाश देणारे अवयव साधारण किती लांबीला दिसू लागतात, हेही कुणी सांगाल का?