ॲडमिन लायब्ररी सर्व्हरवर सरसकट वापरावी का? माझं मत: नाही

टिळकवाडीकर

खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी आम्ही तिघांनी ॲप केलंय. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं, दहा दिवसांनी बिल काढायचं, त्यातून पशुखाद्य आणि उचल कापायची. डेटा फायरस्टोअरवर (गूगलच्या फायरबेस सेवेतला ऑनलाइन डेटाबेस), सर्व्हर नोडचा (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला), त्यात फायरबेसची ॲडमिन लायब्ररी, म्हणजे सर्व्हरला डेटाबेसवर काम करू देणारा तयार कोड. मोबाइल ॲपनं डेटाबेसला हात लावायचाच नाही, सगळं सर्व्हरमधून, असं सुरुवातीला ठरवलं. आता मला ते चुकीचं वाटतं.

ॲडमिन लायब्ररी सर्व्हिस अकाउंटच्या (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या खात्याच्या) अधिकारानं आत जाते. सिक्युरिटी रूल्स, म्हणजे कुणी काय वाचावं-लिहावं हे डेटाबेसलाच सांगणारे नियम, तिला लागूच होत नाहीत. रूल्समध्ये सगळ्यांना बंदी घाला, तरी ती वाचते आणि लिहिते. म्हणजे कुणाला काय दिसावं ही सगळी राखण आपल्या एकेका रूटवर (ॲपच्या एकेका विनंतीला उत्तर देणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडवर) येऊन पडते, आणि एका रूटमध्ये विसरलात की मागं दुसरं दार नाही.

आमचं तसंच झालं. बिल दाखवणारा रूट टोकन (लॉगिन केलेल्याची ओळख पटवणारा डिजिटल पास) नीट तपासत होता. पण सभासद क्रमांक मात्र टोकनवरून न ठरवता विनंतीत जो येईल तो घेत होता. 112 च्या जागी 113 टाकलं की शेजाऱ्याचं बिल समोर. एका सभासदाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या ते लक्षात आलं. रात्री त्याचा फोन: "दादा, मला आमच्या काकांची उचल दिसायला लागलीय की ओ." कुणी किती उचल घेतली हे गावात फुटणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रूट मीच लिहिला होता. दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन सचिवांना सगळं सांगितलं.

ॲप थेट वाचत असतं तर "बिलावरचा मालक आणि मागणारा एकच हवा" या एका ओळीच्या रूलनं हे अडलं असतं. म्हणून माझं म्हणणं: वाचन थेट ॲपमधून, रूल्सच्या पहाऱ्यात. ॲडमिन फक्त बिल काढायला, कपातीला आणि कुणाला सचिव, कुणाला मापाडी हे अधिकार द्यायला.

उद्यमबागवाला

मला पटत नाही. दोष लायब्ररीचा नाही, रूटचा आहे. सगळ्या रूटच्या आधी एकच मिडलवेअर, म्हणजे तपासणीचा कोड, ठेवा: टोकन तपासायचं, त्यातली ओळख घ्यायची, सभासद क्रमांक बाहेरून स्वीकारायचाच नाही. काम संपलं.

रूल्स सुरुवातीला एका ओळीचे असतात, नंतर वाढत जातात. आमच्याकडे फाउंड्रीच्या जॉबवर्कचा हिशेब आहे. कुणाला कुठल्या शेडचा माल दिसावा हे ठरवायला रूलमधून दुसरं डॉक्युमेंट (डेटाबेसमधली नोंद) बघावं लागतं. त्यालाही मर्यादा आहे, एका साध्या विनंतीत 10 वेळा, आणि तेही रीड (वाचन) म्हणून फायरबेसच्या बिलात धरलं जातं. शिवाय रूल्स म्हणजे गाळणी नव्हे. क्वेरीत (एकदम अनेक नोंदी मागणाऱ्या विनंतीत) एक जरी परवानगी नसलेलं डॉक्युमेंट येऊ शकत असेल तर अख्खी क्वेरी नाकारली जाते. नवीन पोरांना हे समजवायला मला अख्खा आठवडा लागला.

आणि मुख्य गोष्ट: लोक ॲप अपडेट करत नाहीत. ॲप थेट डेटाबेसशी बोलायला लागलं की डेटाची रचना जुन्या फोनांना बांधली गेली. सर्व्हर मधे असला तर बदल एका जागी होतो.

जांबोटीकर

तुम्ही दोघं बेळगावात बसून बोलताय. आमच्या भागात पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरही जातो. संकलन पहाटे सुरू होतं, कॅनची गाडी कुणासाठी थांबत नाही. ॲप थेट लिहीत असेल तर अँड्रॉइडवर फायरस्टोअर नोंद फोनमध्येच धरून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं, वेगळं काही करावं लागत नाही. सर्व्हरच्या रूटला गेलेली विनंती अडकली की अडकली. ती रांग मग तुम्हाला हातानं बांधावी लागते. तोवर मापाडी वहीत लिहितो, दुपारी ॲपमध्ये चढवतो, आणि हिशेबात एखादी म्हैस एकाच सकाळी दोनदा दूध देते.

उद्यमबागवाला

रेंजचं मान्य. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण मग दर कोण लावणार? फोननं लावला तर त्याच्याकडं मागच्या महिन्याचं दरपत्रक असू शकतं.

टिळकवाडीकर

फोननं दर लावायचाच नाही. फोन फक्त लिटर, फॅट, एसएनएफ लिहील, आणि रूल इतकंच बघेल की लिहिणारा त्याच संस्थेचा मापाडी आहे. नोंद आली की क्लाउड फंक्शन (गूगलच्या सर्व्हरवर आपोआप चालणारा कोड) चालेल, तेच दर लावून खात्यावर जमा करेल. पावती कानडी आणि मराठी दोन्हींत लागते, तीही तिथंच तयार होईल.

उद्यमबागवाला

इथं सांभाळा, दादा. ते फंक्शन एका नोंदीसाठी किमान एकदा चालेल एवढीच हमी असते. कधी दोनदाही चालतं. तुम्ही नुसती रक्कम वाढवत गेलात तर एकाच दुधाचे दोनदा पैसे. ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकदम होतील, नाहीतर एकही नाही, अशा कामात) आधी बघा, या नोंदीची जमा झालीय का. नसेल तरच खातं आणि ती खूण दोन्ही एकदम लिहा. ॲडमिन लायब्ररी यासाठीच चांगली: सर्व्हरवरचं ट्रान्झॅक्शन वाचलेल्या डॉक्युमेंटला कुलूप लावतं. मोबाइलवरचं ट्रान्झॅक्शन रेंज नसली तर चालतच नाही.

टिळकवाडीकर

हे माझ्या डोक्यात नव्हतं. घेतो.

निपाणीची मुलगी

मी अजून शिकतेय, पण एक विचारते. सर्व्हिस अकाउंटची जेसन फाइल, जिच्यात त्याची गुप्त किल्ली असते, ती कुठं ठेवलीय? आमच्या प्रोजेक्टमध्ये एकानं ती गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकली. पुढच्या कमिटमध्ये (जतन केलेल्या बदलात) काढली, पण इतिहासात ती तशीच राहते. किल्ली आपोआप संपतही नाही. शेवटी कन्सोलमधून ती किल्लीच रद्द केली. तुम्ही रूल्सवर कितीही वाद घाला, ती फाइल ज्याच्या हातात गेली त्याला रूल्सही नाहीत आणि तुमचे रूटही नाहीत.

टिळकवाडीकर

क्लाउडवरच्या फंक्शनला फाइल लागत नाही, तिथं अधिकार आपसूक मिळतो. पण ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं: संस्थेच्या ऑफिसात बिलं छापायचा प्रोग्राम आहे, तोही ॲडमिन लायब्ररीवरच चालतो. फाइल त्या डेस्कटॉपवर आहे. त्याच कॉम्प्युटरला दिवसभर कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागतात.

जांबोटीकर

तो प्रोग्राम सचिवांच्या लॉगिननं चालवा. छापायला वाचण्यापुरता अधिकार पुरे.

टिळकवाडीकर

होय. उद्या सकाळी संकलन संपलं की जातो. आधी सचिवांचं लॉगिन जोडतो, एक बिल छापून बघतो, आणि तिथूनच किल्ली रद्द करतो. बिलं परवा निघायची आहेत, त्याच्या आत व्हायला हवं.