क्रेप कागदाची फुलं आणि आपल्याकडचा पाऊस

गणपतीच्या सजावटीला कागदाची फुलं करताना कागद एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घालतात आणि मधे दोरा बांधून पाकळ्या उलगडतात. काहीजण म्हणतात की फूल भरगच्च दिसायला पंधरा-वीस कागद घ्यावेत. मला नाही पटत. पतंगी कागदाचे आठ पुरेत. त्याहून जास्त घेतले की घडीला नखानं धार येत नाही आणि मधे बांधलेला दोरा सरकतो. क्रेप म्हणजे सुरकुत्यांच्या, ताणल्या जाणाऱ्या कागदाचं मात्र गणित वेगळं. त्याच्यावरच्या बारीक सुरकुत्या नीट बघा, तो त्यांना आडवाच ताणला जातो. म्हणून पंख्यासारख्या घड्या सुरकुत्यांच्या रेघेतच घालायच्या. मग पाकळीचं टोक दोन्ही अंगठ्यांत धरून हलकं ओढलं की छान झालर येते. घड्या उलट्या घातल्यात तर टोक ताणत नाही, फाटतं.

आणखी एक, गणपती येतात ते पावसाळ्यात. माझं माहेर खानापूरकडचं, भिंतींना ओल ठरलेली. एका वर्षी मखरामागं गुलाबी क्रेपची फुलं थेट भिंतीला लावली. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या चुन्यावर गुलाबी ओघळ! दिवाळीला रंग मारेपर्यंत आईनं ऐकवलं. आता फुलं आधी पुठ्ठ्यावर चिकटवते आणि पुठ्ठा दोऱ्यानं टांगते, भिंतीपासून चार बोटं लांब.