सल्ला हवा: कमोडोर ६४ ला माऊस घ्यावा का?

स्टुटगार्टकर
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात इथल्या जुन्या बाजारात कमोडोर ६४ (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) मिळाला, नंतर आलेल्या चपट्या बॉडीचा, सोबत १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह आणि दोन जॉयस्टिक. सगळं ठणठणीत चालतंय. आता एकजण १३५१ माऊस विकतोय. पण मशीन चालू केलं की निळा स्क्रीन येतो आणि खाली कर्सर लुकलुकतो, क्लिक करायला आहेच काय तिथे? मला बेसिक (त्यातली प्रोग्रामिंगची भाषा) शिकायचंय, गेम खेळायचेत आणि मुलीला (वय ९) चित्रं काढायला द्यायचंय. घेऊ का?

रेडी_कर्सर
गेमसाठी तर नकोच, बहुतेक सगळे गेम जॉयस्टिक धरूनच बनवलेत. बेसिकला पण माऊस कळत नाही. माऊस ज्यात लावतात त्या पोर्ट १ च्या वायरी कीबोर्डशी सामाईक आहेत, म्हणून डावं बटण दाबलं की स्क्रीनवर स्पेस पडते आणि उजवं दाबलं की १ उमटतो.

जुनी_डबी
वरचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही चित्रं म्हणालात ना, मग माझं मत घ्याच असं आहे. १९८६ साली बर्कली सॉफ्टवर्क्सनी या मशीनसाठी जिओस काढलं, खिडक्या, मेनू, आयकॉन, कचऱ्याचा डबा, सगळं ६४ केबीत, आणि तुमच्या चपट्या मॉडेलबरोबर ते कितीतरी ठिकाणी सोबतच मिळायचं. त्यात जिओपेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम आहे. जॉयस्टिकनी पण चालतं ते, मी दोन वर्षं तसंच वापरलं, पण जॉयस्टिकला आठच दिशा, गोल काढायला गेलं की पायऱ्या पडतात आणि पॉइंटर हवा तिथे न थांबता पुढे सरकतो. माऊस लावला त्या दिवशी पहिल्यांदा मला सही करता आली त्याच्यावर, खरंच सांगतो, अंगावर काटा आला.

घेताना मात्र माऊस उलटा करून खालचं लेबल वाचा. १३५० आणि १३५१ दिसायला अगदी सारखे. १३५० म्हणजे माऊसच्या पोटातली जॉयस्टिक, त्याच आठ दिशा, काही फायदा नाही. १३५१ खरा, तो हालचाल सिड या आवाजाच्या चिपच्या पॅडलवाल्या (गोल फिरवायच्या नॉबच्या) इनपुटमधून पाठवतो. पण चालू करताना त्याचं उजवं बटण दाबलेलं राहिलं तर तोही जॉयस्टिक मोडमध्ये जातो, लोक उगाच बिघडलाय म्हणून टाकून देतात. अमिगाचा माऊस भोकात बसतो पण इथे चालत नाही. आणि हो, मशीन बंद करूनच पिन लावा-काढा, स्टॅटिकनी कीबोर्ड-जॉयस्टिक वाचणारी सीआयए चिप जाते, माझी एक गेलीय.

शाळेतला_बीबीसी
आमच्या शाळेत क्लास प्रोजेक्टमध्ये (शाळांत संगणक शिकवायचा सरकारी प्रकल्प, १९८४ ला सुरू झालेला) बीबीसी मायक्रो संगणक होते, माऊस काही आम्ही पाहिला नाही. पण बेसिक शिकणाऱ्याला १३५१ चा एक उपयोग आहे: पीक(५४२९७) आणि पीक(५४२९८) (पीक म्हणजे मेमरीतल्या त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं, हे दोन पत्ते सिडच्या पॅडल इनपुटचे) लूपमध्ये प्रिंट करा आणि माऊस हलवा. आकडे बदलताना बघून मशीन बाहेरचं जग कसं वाचतं ते जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून नाही कळत.

स्टुटगार्टकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन लेबल वाचलं, १३५० च निघाला! विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं बिचाऱ्याला. आता काय करू, खऱ्या १३५१ ची वाट बघू का?

जुनी_डबी
वाट कशाला बघता, माउस्टर नावाचा छोटा अडॅप्टर मिळतो, त्याला साधा यूएसबी माऊस लावायचा आणि सी६४ चा मोड निवडायचा. जुन्या १३५१ मधला रबरी बॉल, रोलरवर गुंडाळलेला मळ, तो नखानी खरवडणं, हे सगळं वाचतं.

स्टुटगार्टकर
अडॅप्टर आला. लेकीनं मांजर काढलं, आधी जॉयस्टिकनी, मग माऊसनी. पहिल्या मांजराच्या मिशा जिन्यासारख्या, दुसऱ्याच्या मस्त वळलेल्या. मग झूम करून एकेक ठिपका टिपत तिनं मांजराचे डोळे रंगवले, पाऊण तास हलली नाही जागची. एकच अडचण, दर वेळी जिओस चालू केलं की परत जॉयस्टिकच धरतो.

जुनी_डबी
जिओस डिस्कवर जो इनपुट ड्रायव्हर (माऊस किंवा जॉयस्टिक वाचणारा छोटा प्रोग्राम) पहिला सापडेल तोच उचलतं. १३५१ च्या ड्रायव्हरचा आयकॉन जॉयस्टिकवाल्याच्या आधी आणून ठेवा, की झालं. मूळ डिस्कवर नको, कॉपीवर करा.