आधी सलाईन, मग ऑपरेशन

सोनोग्राफीत पायलोरसचा (जठराच्या आतड्याकडे उघडणाऱ्या तोंडाचा) स्नायू 4.5 मिमी जाड दिसला (3 च्या वर गेला की निदान पक्कं), तरी परळला पाच आठवड्यांच्या भाच्याला दोन दिवस नुसत्या सलाईनवर का ठेवलंय, असं विचारलंय. अगदी योग्य केलंय. सततच्या उलट्यांतून आम्ल, म्हणजे क्लोराइड निघून जातं, पोटॅशियम घटतं आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. अशा बाळाचा श्वास भूल उतरताना थांबू शकतो. खरा धोका तो आहे, जठराचं अडलेलं तोंड नव्हे. रक्तातलं क्लोराइड 100 च्या आसपास आणि बायकार्बोनेट (रक्तातल्या अल्कलीचं माप) 30 च्या खाली आल्याशिवाय घाई करायला लावू नका. पोटॅशियमही लघवी नीट सुरू झाल्यावरच देतात.

ऑपरेशन जर्मन सर्जन रामस्टेट यांचं, 1912 पासूनचं. जाड स्नायूवर लांबीत चिरा देऊन तो फाकवतात. आतलं अस्तर फुगून वर येतं, पण कापायचं नसतं. दोन्ही कडा एकमेकींवर सुट्या सरकल्या की काम पूर्ण. अस्तर फाटण्याची भीती आतड्याकडच्या टोकाला जास्त, म्हणून शेवटी नळीतून जठरात हवा भरून गळती तपासतात. छिद्र सापडलं तर तिथल्या तिथे शिवतात; नजरेतून सुटलं तर मात्र प्रकरण गंभीर.

दूध साधारण चार-सहा तासांनी सुरू होतं. पहिले एक-दोन दिवस थोड्या उलट्या होणारच, घाबरू नका. आठवडाभर राहिल्या तर जठराकडचा चिरा अपुरा पडला असू शकतो. ताप आला किंवा पोट फुगलं तर तासभरही थांबू नका.